बुखारेस्टमध्ये कम्युनिस्ट काळाची वॉकिंग टूर: बुकिंगपासून परतीच्या मेट्रोपर्यंत सगळं

बुखारेस्टला जाऊन आलो म्हटलं की निम्मे लोक म्हणतात, हां हां, बुडापेस्ट ना, ते नदीकाठचं पार्लमेंट, रात्री लाइटिंग असतं ते. नाही हो. बुडापेस्ट हंगेरीत, बुखारेस्ट रोमानियात. मायकल जॅक्सनने पण म्हणे १९९२ ला इथे येऊन गर्दीला "हॅलो बुडापेस्ट" म्हटलं होतं, हा किस्सा इथले गाइड हमखास सांगतात, खरा किती आणि मीठमसाला किती देव जाणे.

तर आम्ही तिघं, मी, बायको आणि आई (वय ६८, गुडघे बऱ्यापैकी शाबूत), ऑक्टोबरमध्ये चार दिवस तिथे होतो आणि त्यातला बराचसा वेळ कम्युनिस्ट काळाच्या खुणा बघण्यात गेला. आल्यापासून तीन जणांनी विचारलं की हे कसं जमवायचं, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतोय. माझं म्हणणं एकच आहे आणि ते आधीच सांगतो: कम्युनिस्ट हुकूमशहा चाउशेस्कूने बांधायला घेतलेल्या इथल्या त्या अवाढव्य पार्लमेंटच्या आत शिरायची घाई करू नका. आधी शहर पायी फिरा, त्याच्या शेवटच्या भाषणाची बाल्कनी, सरकवलेलं चर्च, बुलेव्हार्ड म्हणजे तो भलामोठा रुंद रस्ता, ह्या क्रमाने, आणि मग दुसऱ्या दिवशी आत जा.

आम्ही उलटं केलं. दुसऱ्याच दिवशी सकाळी पार्लमेंटच्या आतली टूर बुक केली आणि गेटवर सिक्युरिटीने ओरिजिनल पासपोर्ट मागितला. माझा आणि बायकोचा हॉटेलच्या तिजोरीत, मोबाइलमध्ये फोटो होता, तो चालत नाही. आईचा मात्र तिच्या पर्समध्ये, कारण तिचा हॉटेलच्या तिजोरीवर काडीचा विश्वास नाही. पैसे भरलेलेच होते, म्हणून आई एकटी आत गेली आणि आम्ही दोघं बाहेर भिंतीवर बसून बिस्किटं खाल्ली. तासाभराने बाहेर आली आणि म्हणाली, "झुंबरं छान आहेत, पण एवढं कशाला बांधलंय ते काही कळलं नाही बाई." ह्या वाक्यासाठी मी हा सगळा लेख लिहितोय असं समजा.

आधी टूर कुठली ते ठरवा

तीन प्रकार मिळतात. पहिली "फ्री" टूर, म्हणजे शेवटी टिप द्यायची ती. ह्यात पंचवीस-तीस माणसं असतात, भर जुन्या शहरावर असतो, व्लाद द इम्पेलर म्हणजे ड्रॅक्युलावाला राजा, त्याच्या वाड्याचे अवशेष, एकदोन चर्च, आणि कम्युनिझम शेवटी दहा मिनिटांत उरकतात. शहराची तोंडओळख म्हणून ठीक आहे. दुसरी खास कम्युनिस्ट काळावरची, तिकीट काढून, आठ-दहा जणांची, अडीच ते तीन तासांची. आपल्याला हवी ती ही. तिसरी प्रायव्हेट, घरात ज्येष्ठ कुणी असेल किंवा लहान मुलं असतील तर हीच परवडते, कारण थांबता येतं, बसता येतं, आणि चार-पाच जणांत पैसे वाटले की फार फरक पडत नाही.

बुक करताना टूरच्या वर्णनात तीन गोष्टी शोधा: रिव्होल्यूशन स्क्वेअर (बाल्कनीचा चौक), हलवलेलं चर्च (मूळ जागेवरून सरकवलेलं), आणि उनिरी बुलेव्हार्ड. मधलं चर्च नसेल तर दुसरी टूर बघा. आणि बिनधास्त मेसेज करून विचारा की गाइडने स्वतः तो काळ पाहिलाय का. १९८९ ला दहा वर्षांचा असलेला माणूस आज पंचेचाळिशीच्या पुढे आहे, म्हणजे असे गाइड अजून आहेत पण कायम नसणार. तरुण गाइड वाईट असतात असं मुळीच नाही, उलट ते घरच्यांना खोदून खोदून विचारून आलेले असतात, पण रांगेत उभं राहिलेल्या माणसाने रांगेबद्दल सांगणं वेगळंच.

विझा, सीझन, पैसे, बूट

हे पटकन. रोमानिया विमान आणि समुद्रमार्गासाठी मार्च २०२४ अखेरीपासून आणि रस्ता-रेल्वेसाठी १ जानेवारी २०२५ पासून पूर्ण शेंगेनमध्ये (युरोपातल्या बऱ्याच देशांना एकच विझा चालतो तो गट) आहे, म्हणजे आता वेगळा रोमानियन विझा नको, शेंगेनवर काम होतं. विमान इस्तंबूल, दोहा, दुबई असं कुठेतरी बदलावं लागतं. एअरपोर्टवरून १०० नंबरची बस थेट मध्यवर्ती उनिरी चौकात येते, रात्रीही असते. टॅक्सी घ्यायचीच असेल तर ॲपवरून, स्टेशनबाहेर "माय फ्रेंड" म्हणत येणाऱ्याच्या मागे जाऊ नका.

एप्रिल ते जून किंवा सप्टेंबर-ऑक्टोबर बेस्ट. जुलै-ऑगस्टमध्ये ३५ च्या वर जातं आणि त्या उनिरी बुलेव्हार्डवर भर दुपारी चालणं म्हणजे नागपुरात मे महिन्यात वॉकला निघाल्यासारखं आहे. पैसे म्हणजे लेउ, अनेकवचन लेई, नोटा प्लॅस्टिकच्या. साधारण पाच लेईचा एक युरो धरा. कार्ड जवळजवळ सगळीकडे चालतं पण टिपसाठी सुट्टे लेई खिशात हवेत. फ्री टूरला मी माणशी ५० लेई दिले.

बूट मऊ तळव्याचे. जुन्या शहरात दगडी रस्ते आहेत आणि बाकी ठिकाणी फुटपाथवर गाड्या पार्क केलेल्या असतात, इतक्या की आईला एकदम घरी आल्यासारखं वाटलं. सगळं मिळून चार-पाच किलोमीटर होतं, चढ जवळपास नाही. निघायच्या आधी टॉयलेट उरकून घ्या.

निघायच्या आदल्या रात्री अर्धा तास

हा अर्धा तास सोडू नका. २१ डिसेंबर १९८९ चं चाउशेस्कूचं शेवटचं भाषण इंटरनेटवर सहज मिळतं. सबटायटल नसले तरी चालेल. बाल्कनीत टोपी घातलेला म्हातारा, शेजारी बायको एलेना, खाली आणलेली गर्दी, नेहमीच्या टाळ्या. आणि मग मध्येच गर्दीतून काहीतरी वेगळा आवाज येतो, तो बोलायचा थांबतो, हात वर करतो, "आलो, आलो" म्हणत राहतो, जणू फोन कट झालाय. कॅमेरा दुसरीकडे वळतो, प्रक्षेपण तुटतं. अख्खा देश टीव्हीवर लाइव्ह बघत होता. हे बघून गेलात की सकाळी त्या बाल्कनीखाली उभं राहिल्यावर गाइडने एक शब्द नाही बोलला तरी चालतं.

बाकी सनावळी थोडक्यात डोक्यात ठेवा. ३० डिसेंबर १९४७ ला राजा मिहाईला गादी सोडायला लावली आणि कम्युनिस्ट राजवट सुरू. १९६५ ला तोवरचा कम्युनिस्ट नेता गेओर्गिऊ-देज वारला, चाउशेस्कू वर आला. सुरुवातीला हा माणूस चक्क लोकप्रिय होता, १९६८ मध्ये सोव्हिएत फौजा चेकोस्लोव्हाकियात घुसल्या तेव्हा त्याने उघड निषेध केला, अमेरिकेला एवढा आवडला की पुढच्या वर्षी निक्सन स्वतः बुखारेस्टला येऊन गेला. १९७१ ला चीन आणि उत्तर कोरियाचा दौरा करून आला आणि तिथली भव्यता, तिथली व्यक्तिपूजा डोक्यात घेऊन आला. ४ मार्च १९७७ ला मोठा भूकंप, दीड हजारांवर माणसं गेली, बहुतेक बुखारेस्टचीच. शहर "नव्याने बांधायला" त्याला कारण मिळालं. आणि मग ऐंशीचं दशक, सगळं परदेशी कर्ज फेडायचा हट्ट, देशात पिकेल ते निर्यात आणि लोकांच्या ताटात काही नाही. कर्ज एप्रिल १९८९ मध्ये फिटलं. त्याच वर्षी नाताळच्या दिवशी त्याला आणि एलेनाला गोळ्या घातल्या. एवढं पुरे.

चालायला सुरुवात: रिव्होल्यूशन स्क्वेअर

काही टूर उनिरीहून निघून इथे संपतात, काही उलट. चॉइस असेल तर इथून निघणारी घ्या.

पहिला धक्का असा की कम्युनिस्ट पक्षाच्या जुन्या मुख्यालयाची ती बाल्कनी खूप खाली आहे. व्हिडिओत बघून वाटतं कुठेतरी उंचावर असेल, प्रत्यक्षात पहिल्या मजल्याची, साधीशी, आपल्याकडच्या एखाद्या जुन्या कलेक्टर ऑफिसला असते तशी. खाली उभा राहिलेला माणूस वरच्याचा चेहरा सहज बघू शकतो. आमच्या गाइडने (पन्नाशीची बाई, त्या वेळी शाळेत होती) सगळ्यांना बाल्कनीकडे तोंड करून उभं केलं आणि म्हणाली की चाउशेस्कूचं १९६८ चं ते सोव्हिएतविरोधी भाषण पण ह्याच बाल्कनीतून झालं, तेव्हा लोकांनी मनापासून टाळ्या वाजवल्या होत्या, माझे आजोबा त्यात होते. एकवीस वर्षांनी तिथूनच खाली बघत त्याला हुर्यो ऐकावी लागली. दुसऱ्या दिवशी, २२ तारखेला दुपारी, बारा वाजून काही मिनिटांनी त्याच इमारतीच्या गच्चीवरून हेलिकॉप्टरने पळाला, तिर्गोविश्ते नावाच्या शहराजवळ पकडला गेला आणि तिथेच लष्करी छावणीत घाईघाईचा खटला होऊन २५ तारखेला गोळ्या.

इथे गाइडला हे नक्की विचारा: तो पळाल्यावर एवढी माणसं का मेली? कारण ह्या क्रांतीत अकराशेच्या वर माणसं गेली आणि त्यातली बहुतेक २२ तारखेनंतर. कोण कुणावर गोळ्या झाडत होतं ह्यावर आजही भांडणं चालतात आणि प्रत्येक गाइडचं उत्तर वेगळं येतं. ते उत्तर ऐकण्यासारखं असतं.

चौकात फिरून आणखी बघा. समोर युनिव्हर्सिटीची सेंट्रल लायब्ररी, त्या धुमश्चक्रीत जळाली, पाच लाखांच्या आसपास पुस्तकं गेली. मध्ये २००५ मधलं स्मारक आहे, २५ मीटरचा पांढरा सुळका आणि त्यात अडकवलेला जाळीचा गोळा. लोक त्याला काठीवरचा बटाटा म्हणतात. मला पण तसाच दिसला, सॉरी. थोडं बाजूला गेलात की एक विचित्र इमारत लागते, खालून जळक्या विटांचं जुनं खोकं आणि त्यातून वर उगवलेला काचेचा टॉवर. खालच्या भागात सेक्युरिताते म्हणजे गुप्त पोलिसांचं ऑफिस होतं, आता आर्किटेक्ट लोकांच्या संघटनेचं आहे. विटांवरचा तो जळका भाग तसाच ठेवलाय. मला चौकातली सगळ्यात प्रामाणिक वास्तू हीच वाटली.

युनिव्हर्सिटी चौक आणि जुनं शहर

दहा-पंधरा मिनिटांवर युनिव्हर्सिटी चौक. २१ डिसेंबरच्या रात्री पोरांनी इथे इंटरकॉन्टिनेंटल हॉटेलसमोर बॅरिकेड उभं केलं आणि रात्रीत ते चिरडलं गेलं. आजही भर ट्रॅफिकच्या मधल्या दुभाजकावर दगडी क्रॉस आहेत, दोन्ही बाजूंनी गाड्या, त्यामुळे बरेच पर्यटक न बघताच निघून जातात. गाइडला सांगा थांबायला. १९९० मध्ये इथेच आंदोलकांनी अनेक आठवडे ठिय्या दिला कारण नव्या सरकारात जुनेच कम्युनिस्ट नेते आहेत असं त्यांचं म्हणणं होतं, आणि जूनमध्ये खाणकामगारांना बुखारेस्टला आणून त्यांच्याकरवी ह्या आंदोलकांना बेदम मारलं. आपल्याकडे "क्रांती झाली आणि सगळं छान झालं" असं एका ओळीत ऐकलेलं असतं, ती ओळ इथे तुटते.

वाटेत काही जुन्या इमारतींवर लाल गोल चकती दिसेल. ती भूकंपात धोकादायक म्हणून आहे. खाली कॉफी शॉप, वर चकती. चालतंय सगळं.

जुन्या शहरात फार वेळ घालवू नका, ते संध्याकाळी स्वतःचं स्वतः बघता येतं. स्ताव्हरोपोलेओस नावाचं १७२४ चं छोटंसं चर्च दोन मिनिटं बघा आणि पुढे चला.

हलवलेलं चर्च (इथे घाई नको)

नदीकाठच्या रस्त्याला कम्युनिस्ट काळातल्या ब्लॉकची, म्हणजे फ्लॅटच्या इमारतींची, सलग भिंत आहे, आठ-दहा मजली, राखाडी, खाली फार्मसी आणि मोबाइलची दुकानं. आमची गाइड दोन ब्लॉकमधल्या बोळातून आत शिरली, आम्हाला वाटलं शॉर्टकट आहे. आत गेलो तर मागच्या अंगणात, कचऱ्याचे डबे आणि पार्क केलेल्या गाड्यांच्या मध्ये, चारशे वर्षांचं विटांचं चर्च. वरच्या बाल्कन्यांमध्ये चादरी वाळत घातलेल्या, एक आजी मांजरांना काहीतरी घालत होती. हे मिहाई व्होडा चर्च, सोळाव्या शतकाच्या शेवटचं, मिहाई नावाच्या त्यांच्या शूर राजाने बांधलेलं, त्यांच्याकडे ह्या राजाला खूप मान आहे.

हे चर्च मुळात इथे नव्हतंच. वर टेकाडावर होतं, मठासकट. चाउशेस्कूला तिथे आपलं नवं केंद्र हवं होतं, उरानुस नावाची अख्खी वस्ती जमीनदोस्त झाली, चाळीस हजारांच्या आसपास माणसं हलवली, काहींना सामान बांधायला मोजके दिवस मिळाले. वीसेक चर्च आणि मठ पाडले. एउजेनिऊ योर्दाकेस्कू नावाचा एक इंजिनिअर होता, त्याने म्हटलं पाडायच्या ऐवजी सरकवू. म्हणजे काय तर पायाच्या खाली खणायचं, भिंतींखाली काँक्रीटचा भक्कम तबकासारखा सांगाडा ओतायचा, जुना पाया कापून वेगळा करायचा, सगळं रुळांवर चढवायचं आणि हायड्रॉलिक जॅकने तसूतसूने पुढे ढकलायचं. १९८५ मध्ये हे चर्च असं २८९ मीटर सरकवलं, घंटेचा मनोरा पण. मठाचं बाकी सगळं पाडलं. ह्याच पद्धतीने डझनभर चर्च वाचली आणि मग ब्लॉकच्या मागे दडवली गेली, रस्त्यावरून दिसू नयेत म्हणून. आल्बा यूलिया गावात तर १९८७ मध्ये राहता ब्लॉक मधोमध कापून दोन्ही तुकडे बाजूला सरकवले, माणसं आत असताना.

ऑर्थोडॉक्स चर्चबाहेर मेणबत्त्या लावायला पत्र्याचे दोन खण असतात, एकावर "व्ही" लिहिलेलं, एकावर "मोर्त्सि". जिवंत माणसांसाठी वेगळी, गेलेल्यांसाठी वेगळी. गाइडने सांगायच्या आधीच आई म्हणाली, "मोर्त्सि म्हणजे मृतच की." मग तिने एक मेणबत्ती घेतली आणि बाबांसाठी त्या खणात लावली. पाच मिनिटं कुणी काही बोललं नाही, गाइडपण नाही.

प्रॅक्टिकल सूचना: आतमध्ये प्रार्थना चालू असेल तर फोटो नको, आणि गेलात तर एखादी मेणबत्ती घ्या.

उनिरी आणि तो बुलेव्हार्ड

उनिरी चौकात आलात की समोर सरळ रेषेत, लांबवर, पार्लमेंट. मध्ये कारंजी, दोन्ही बाजूंना एकसारखे ब्लॉक. तेव्हा ह्याचं नाव "समाजवादाच्या विजयाचा बुलेव्हार्ड" होतं. पॅरिसच्या शाँझ-एलिझेपेक्षा थोडासा रुंद ठेवलाय असं अभिमानाने की उपहासाने सांगतात ते त्या त्या गाइडवर आहे.

रस्ता मोठा आहे, कंटाळवाणा आहे, आणि नेमका म्हणूनच गाइडच्या गोष्टी ऐकायला चांगला आहे. बाकावर बसा आणि "ऐंशीच्या दशकात खायचे काय?" एवढं विचारा. आमची गाइड अर्धा तास बोलली. मांस सगळं निर्यात व्हायचं, दुकानात डुकराचे पाय उरायचे, त्यांना लोक "आदिदाशी" म्हणायचे, आदिदासचे बूट. कोंबडीची मुंडी, पाय, पंख ह्याला "ताकुमुरी", म्हणजे काटे-चमचे. खरी कॉफी मिळत नसे, जव-ओट वगैरे मिसळलेली पूड मिळायची, तिला नाव "नेकेझोल", नेकेझा म्हणजे घोड्याचं खिंकाळणं. म्हणजे आपण "खिंकाळॉल" म्हणावं तसं. केंट सिगारेटचं पाकीट हेच खरं चलन, डॉक्टरला, बाबूला, दुकानदाराला. टीव्ही दिवसाला दोन तास, त्यात अर्धा वेळ साहेब, म्हणून बुखारेस्टचे लोक अँटेना फिरवून बल्गेरियाचं चॅनेल पकडायचे, भाषा कळत नसताना. हिवाळ्यात हीटिंग बंद. त्यावरचा विनोद असा की बाई मुलाला म्हणते खिडकी लाव रे, रस्त्यावरच्या लोकांना सर्दी होईल.

ह्यावर आईने आमच्याकडच्या रॉकेलच्या रांगा सांगितल्या, मी भाषांतर केलं, गाइडने विचारलं किती तास, आई म्हणाली दोन-तीन. गाइड हसली आणि म्हणाली आमच्याकडे लोक आधी रांगेत उभे राहायचे आणि मग विचारायचे कशाची आहे.

बाजूच्या गल्लीत एक जुनी दाचिया १३०० उभी होती, रेनोच्या गाडीवरून बनवलेली, घ्यायला वर्षानुवर्षं नंबर लावावा लागे. दाचिया म्हटल्यावर माझी ट्यूब पेटली. मामांकडे महिंद्रा-रेनोची लोगन होती, नाशिकच्या प्लांटमध्ये बनलेली, आम्ही सगळे लग्नाला त्यातूनच गेलो होतो. ती मुळात दाचिया लोगनच! गाइडला सांगितलं तर तिचा विश्वास बसेना, शेवटी मोबाइलवर फोटो दाखवला. तिच्या भावाकडे तीच गाडी, तोच रंग.

पार्लमेंट: आज बाहेरून, उद्या आतून

लोक अजून त्याला "कासा पोपोरुलुई", जनतेचं घर, म्हणतात. १९८४ ला काम सुरू झालं, मुख्य आर्किटेक्ट आन्का पेत्रेस्कू नावाची तरुण बाई, तिच्या हाताखाली सातशे आर्किटेक्ट. ३,६५,००० चौरस मीटर, ८४ मीटर उंच, जगातली सगळ्यात वजनदार इमारत म्हणून गिनीजमध्ये नाव. बाहेरून बघताना गाइडला विचारा की इथे आधी काय होतं, आणि मगाशी बघितलेलं चर्च कुठे होतं ते बोटाने दाखवायला सांगा. मग ती इमारत नुसती मोठी दिसत नाही.

आत जायला: आदल्या दिवशी फोन करून वेळ घ्या, आणि ओरिजिनल पासपोर्ट, माणशी एक, हे तुम्हाला आता वेगळं सांगायला नको. एअरपोर्टसारखं चेकिंग असतं. संसदेचं काम किंवा एखादी परिषद असेल तर टूर रद्द होते, म्हणून परतीच्या फ्लाइटच्या दिवशी ठेवू नका. मजल्यावरून मजल्यावर भरपूर जिने आहेत, गुडघे दुखत असतील तर बुकिंग करतानाच लिफ्टचं विचारा.

आम्ही चौथ्या दिवशी परत गेलो, तिघंही. संगमरवर, गालिचे, टनावारी क्रिस्टल, सगळं रोमानियातलंच वापरायचं असा हुकूम होता. आतली गाइड आकडे सांगत होती आणि आई माझ्या कानात, "हे चाललं होतं तेव्हाच ना ते डुकराचे पाय?" हो, तेव्हाच. चाउशेस्कूला ते पूर्ण झालेलं बघायला मिळालंच नाही.

गाइडशी बोलताना

एक तर आपली राजकीय मतं तिकडे पाजळू नका. आमच्या ग्रुपमधल्या एका पाहुण्याने (भारतीय नव्हता, आधीच सांगतो) गाइडला समजावायला सुरुवात केली की तत्त्व चांगलं होतं, अंमलबजावणी चुकली. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि पुढच्या स्टॉपकडे चालायला लागली. त्याऐवजी "तुमच्या घरी काय झालं" असं विचारा. घर गेलं का, फाइल होती का, ती बघितली का. सेक्युरितातेच्या फाइली सांभाळणारी सरकारी संस्था १९९९ च्या कायद्याने झाली आणि लोकांना आपली फाइल वाचता येते, म्हणजे शेजारचा कोण चुगल्या करत होता ते कळतं. आमच्या गाइडच्या वडिलांनी फाइल मागितली नाही. म्हणाले, माणसं अजून ह्याच जिन्यावर भेटतात.

बायकोने १९६६ च्या गर्भपातबंदीबद्दल विचारलं. लोकसंख्या वाढवायची म्हणून गर्भपात बंद, गर्भनिरोधकं मिळत नाहीत, मूल नसलेल्यांवर जादा कर. चोरून केलेल्या गर्भपातात हजारो बायका गेल्या आणि अनाथाश्रम भरले. हा विषय निघणार हे धरून चला, लहान मुलं बरोबर असतील तर गाइडला आधी सांगून ठेवा.

उलट दिशेचंही ऐकायला मिळतं. आमचा टॅक्सीवाला, साठीचा, म्हणाला तेव्हा नोकरी तरी होती. मग आम्ही भारतीय कळल्यावर थेट "राज कपूर!" आणि पुढे गाणं. ह्या पिढीला हिंदी सिनेमा माहीत आहे, टीव्ही दोन तास असला तरी थिएटरात आपले सिनेमे लागायचे.

शाकाहारी लोकांसाठी फक्त एक शब्द

"दे पोस्त." हे पाठ करा. पोस्त म्हणजे त्यांचा उपवास, त्यात मांस नाही, दूध नाही, अंडं नाही. बऱ्याच हॉटेलांच्या मेनूवर वेगळं पानच असतं. "व्हेजिटेरियन" म्हटल्यावर चिकन सूप समोर येऊ शकतं, "दे पोस्त" म्हटल्यावर नाही. (मासे मात्र काही दिवशी चालतात त्यांना, तेवढं विचारून घ्या.) झाकुस्का म्हणजे भाजलेल्या वांग्या-मिरचीचं वाटण, पावावर लावून, आईने त्यात स्वतःजवळचं लाल तिखट घातलं आणि म्हणाली आता भरीत झालं. मामालिगा म्हणजे मक्याच्या पिठाची उकड. चालता चालता भूक लागली तर कोव्हरिग, तिळाचं गोल कडक-मऊ पावाचं कडं, कोपऱ्या-कोपऱ्यावर गरम मिळतं.

वेळ उरला तर

प्रिमाव्हेरी भागातलं चाउशेस्कूचं राहतं घर बघा, २०१६ पासून लोकांना खुलं आहे, आधी बुकिंग लागतं. स्विमिंग पूल, सोनेरी बाथरूम, अंगणात मोर. पार्लमेंटपेक्षा हे मला जास्त लागलं, कारण कपाटात अजून कपडे आहेत. नवराबायकोची कबर गेन्चा कब्रस्तानात आहे, आम्ही नाही गेलो.

परत येताना मेट्रोने या. पार्लमेंटपासून इझव्होर स्टेशन जवळ, तिथून एक स्टेशन उनिरी, लाइन बदला, आणि दोन स्टेशनांवर पियात्सा रोमाना. गेटवर कार्ड टॅप केलं की झालं. पियात्सा रोमानाला मुद्दाम उतरा. असं सांगतात की एलेनाबाईंना हे स्टेशन नको होतं, पोरांनी चालावं म्हणे, जाड होतायत. इंजिनिअरांनी ते गुपचूप खणून ठेवलं आणि पुढे १९८८ मध्ये उघडावं लागलं. गोष्ट खरी असो वा नसो, प्लॅटफॉर्म इतका अरुंद आहे की गाडी येताना भिंतीला चिकटून उभं राहावं लागतं. मोठी बॅग असेल तर हे स्टेशन टाळा, आणि आईबाबा बरोबर असतील तर त्यांना भिंतीकडच्या बाजूला ठेवा.